ऑफिसच्या पीसीला एसएसडी बसवताय? निदान या चुका टाळा

एम.२ हा एसएसडीचा, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणाऱ्या चिपवाल्या ड्राइव्हचा, नुसता आकार आहे, वेग नाही. त्या चपट्या पट्टीत साटा (जुनी, हळू जोडणी) असेल किंवा एनव्हीएमई (नवी, वेगवान). आपला स्लॉट यातलं काय चालवतो ते मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. पण ते उघडतंय कोण?

जुलैअखेर, रिटर्नच्या ऐन धामधुमीत, एका सीएंच्या ऑफिसातून फोन आला: "सगळे ड्राइव्ह डेड निघाले हो." भाच्याने ऑफर बघून गठ्ठ्याने मागवले होते. पट्टी स्लॉटमध्ये बसली, स्क्रू लागला, बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) मात्र पत्ता नाही. एकदा बदलूनही आणले, पुन्हा तेच. मी एक हातात घेतला. सोनेरी पिनांच्या कडेला दोन खाचा दिसल्या, तेव्हाच शंका आली. लेबलवर बारीक अक्षरात साटा लिहिलं होतं. स्लॉट होता फक्त एनव्हीएमईचा. दोन खाचांची पट्टी तिथे बिनबोभाट बसते, चालत नाही. ड्राइव्ह ठणठणीत होते. ऑफिसने एकतीस तारीख जुन्या हार्ड डिस्कवरच रडतखडत काढली.

पीसी इंटेलच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीचा असेल तर अॅडाप्टर लावून एनव्हीएमईच्या नादी लागू नका, बहुतेक बोर्ड त्यावरून बूटच होत नाहीत. २.५ इंची साटा घ्या. सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास वेग टॅलीला आणि एक्सेलला पुरून उरतो.

दुसरा माझा राग खोक्यावरच्या वेगाच्या आकड्यावर. स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट कोंबणारा) ड्राइव्ह पहिले काही जीबी सुसाट लिहितो. कॅशे (आतली वेगवान तात्पुरती जागा) भरली की कधी कधी हार्ड डिस्कच्याही खाली घसरतो. रोज मोठा बॅकअप घेणाऱ्या पीसीला मी टीएलसीच (पेशीला तीन बिट) लावतो, डीरॅम (वेगळी मेमरी चिप) असलेला मिळाला तर उत्तम. वॉरंटी वाचताना टीबीडब्ल्यू (एकूण किती टेराबाइट लिहिता येतील तो आकडा) बघा: वर्षं किंवा तो आकडा, जे आधी संपेल ते.

बाकीचं पटापट. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर क्लोनिंगआधी (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करण्याआधी) थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवा. डीफ्रॅगची (फायली सलग लावणारी) फुकट सॉफ्टवेअरं काढून टाका, विंडोज ट्रिम (पुसलेल्या जागेची साफसफाई) स्वतः करतं. मातीमोल भावातला २ टीबी ड्राइव्ह नकली क्षमतेचा असू शकतो, आधी पूर्ण भरून तपासा.

आणि क्लोन झाल्याच्या संध्याकाळीच जुनी डिस्क फॉरमॅट करणारे उतावळे! हार्ड डिस्क बहुधा कुरकुरून इशारा देते, एसएसडी एका सकाळी नुसता दिसेनासा होतो. जुन्या डिस्कवर तारीख लिहून मी ती महिनाभर कपाटात ठेवायला लावतो, आणि किल्ली भाच्याकडे देत नाही.