एटीव्हीवर रायफल नेताय? या चुका टाळा

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एल्कच्या रायफल सीझनची लगबग सुरू होते. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षा थोराड हरीण. त्याच्यासाठी डोंगरात आत, उंचावर जावं लागतं आणि वनखात्याच्या कच्च्या रस्त्यांवर एटीव्हीइतकी, म्हणजे जाड चाकांच्या उघड्या चारचाकीइतकी, सोयीची गाडी दुसरी नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दरवाजे हळूहळू बंद झाले, त्यामुळे इकडे आलेली मराठी मंडळी हे सगळं मोठेपणी, बहुतेकदा ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्याच्या नादाने शिकतात. नेम कसा धरायचा हे रेंजवर कोणीतरी दाखवतं. रायफल गाडीवर कशी न्यायची, हे मात्र बरेच जण दुकानातल्या मांडणीकडे बघून ठरवतात आणि तिथेच फसतात.

चुका वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांच्या मुळाशी बहुधा एकच घाई असते: एल्क दिसला की रायफल क्षणात हातात आली पाहिजे. ही घाई आधी डोक्यातून काढा. गाडीवर बसून गोळी झाडायला कोलोरॅडोत मनाई आहे, अपंगांना खास परवाना मिळतो तेवढा अपवाद. शिवाय एटीव्हीचा आवाज दरीभर घुमतो, एल्क त्याआधीच निघून गेलेला असतो. गाडी लावायची, उतरायचं, चालत जायचं, मग शिकार. तोवर रायफल हे सामान आहे, आणि नाजूक, महागडं, धोकादायक सामान जसं नेतात तसंच ते नेलं पाहिजे.

पाठीवर पट्ट्याने अडकवणं

सगळ्यात जास्त दिसणारी पद्धत हीच, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तीही हिचीच. चढावर एटीव्ही मागे उलटायला लागली तर चालवणाऱ्याला उडी मारून बाजूला व्हावं लागतं. पाठीवर साडेतीन-चार किलोचं लोखंड आणि लाकूड असेल तर ती उडी जमत नाही, आणि पडताना मधे सापडतो तो पाठीचा कणा. फांद्यांचा त्रास वेगळाच. नळी डोक्याच्या वर गेलेली असते, आपण मान खाली घालून फांदी चुकवतो आणि नळी तिलाच अडकते. वेग थोडासा असला तरी माणूस सीटवरून मागे खेचला जातो.

हँडलवरचे रबरी खाचे

हँडलला लावायचे रबरी खाचे स्वस्त मिळतात, बसवायला दहा मिनिटं पुरतात. त्यात रायफल आडवी बसते, म्हणजे नळीचं तोंड कायम रस्त्याच्या एका बाजूला. अरुंद वाटेवर समोरून दुसरी एटीव्ही आली की तिच्यावरचा माणूस नेमका त्या तोंडासमोरून जातो. रायफल रिकामी आहे हे तुम्हाला माहीत असतं, त्याला नसतं. कोलोरॅडोत तर हा प्रश्नच उरत नाही: एटीव्हीवर उघडी रायफल चालत नाही.

उघड्या तोंडाची म्यान

इथे जरा थांबायला हवं, कारण घेताना लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच. घोड्याच्या खोगिराला लटकवायच्या म्यानीसारखी म्यान असते, दस्ता वर उघडा, बाकी रायफल आत. दिसते झकास, हातही पटकन पोचतो. पण कोलोरॅडोचा नियम असा: एटीव्हीवर रायफल चेंबर (झाडायची गोळी बसते ती जागा) आणि मॅगझीन (बाकीच्या गोळ्यांचा कप्पा) दोन्हीकडून पूर्ण रिकामी हवी, आणि कडक असो वा मऊ, सगळीकडून बंद केसमध्ये हवी. तोंड किंवा बाजू उघडी असलेली म्यान चालत नाही. प्रत्येक राज्याचा नियम निराळा असतो, कुठे नुसती रिकामी असली तरी पुरते. त्यामुळे शेजारच्या राज्यातल्या मित्राने घेतली म्हणून आपणही घेऊ नये. ज्या राज्यात जायचं तिथलं त्या वर्षीचं नियमपुस्तक वाचून मगच खरेदी करा.

कायदा बाजूला ठेवला तरी धूळ आहेच. चार गाड्यांच्या रांगेत तुम्ही मागे असाल तर संध्याकाळी बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा, बाहेर काढून उजेडात धरा. मैद्यासारखी बारीक धूळ बोल्टच्या दातांवरच्या ग्रीसमध्ये मिसळून करडा लगदा झालेला दिसेल, बोटांत चोळला तर कचकच लागेल. बोल्ट जड फिरायला लागतो तो या लगद्यामुळे. तो चापाच्या यंत्रणेत गेला आणि वर थंडीने तेल घट्ट झालं, तर चाप ओढल्यावर नीट मागे येत नाही. अशा वेळी वरून आणखी तेल सोडू नका, धूळ आणखी आत जाते. बोल्ट काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवा.

मग घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण बंद होणारी कडक केस, मागच्या रॅकला कंसाने पक्की बसवलेली. कोल्पिन कंपनीचा गन बूट यातला बहुतेकांच्या ओळखीचा. विकत घेण्याआधी रायफलची लांबी मोजा, आणि मोजताना वर बसवलेली नेमाची दुर्बीण, नळीच्या टोकाचा ब्रेक (धक्का कमी करणारा तुकडा), खाली लावलेला बायपॉड (दोन पायांचा टेकू) सगळं धरून मोजा. नुसती नळी-दस्ता मोजून केस आणली की झाकण दुर्बिणीवर टेकतं आणि दिवसभर तिच्यावर दाब बसतो.

बसवताना एका माणसाला सीटवर बसवून गाडी खाली दाबा. केस मागच्या चाकाला घासत नाही ना, सायलेन्सरच्या वाफेत येत नाही ना, हे तेव्हाच कळतं. तुम्ही ज्या बाजूने पाय टाकून चढता, त्या बाजूला दस्त्याचं टोक येऊ देऊ नका. जाड बूट घालून उतरताना पाय तिथेच अडकतो. नळीचं तोंड स्वारापासून आणि मागून येणाऱ्या गाडीपासून दूर राहील असा कोन ठेवा. कंसाचे नट पहिल्या अर्ध्या तासानंतर एकदा तपासा, नवीन कंस हमखास सैल होतो. आणि मऊ केस रबरी हूकच्या दोऱ्यांनी रॅकवर बांधणं ही पद्धत सोडूनच द्या. रबर ताणतं, प्रत्येक खड्ड्यात रायफल उडते आणि आपटते. न ताणणारा बकलचा पट्टा वापरा, तोही दुर्बिणीवरून नेऊ नका.

सेफ्टीवर भिस्त ठेवणं

“सेफ्टी लावली आहे ना, मग राहू दे गोळी चेंबरमध्ये.” हे वाक्य कानावर आलं की त्या माणसाबरोबर वाटेला लागू नये. हादऱ्यांनी किंवा केसच्या आतल्या फोमला घासून सेफ्टीचा खटका सरकू शकतो. शिवाय यंत्र ते यंत्रच. २०१४ च्या एप्रिलमध्ये रेमिंग्टन या बंदूक कंपनीने २००६ पासून बनवलेल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफलींचे एक्स-मार्क प्रो चाप परत मागवले, कारण चाप न ओढताही गोळी सुटण्याची शक्यता होती. जुनी रायफल विकत घेतली असेल तर तिचा अनुक्रमांक तपासून घ्या.

रिकामी करायची पद्धत ठरलेली ठेवा. गाडीजवळ येण्याआधी, तोंड सुरक्षित दिशेला धरून, मॅगझीन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये नजर टाका आणि करंगळी घालूनही बघा. गारठलेल्या बोटांना आणि मिणमिणत्या उजेडात नुसत्या नजरेवर विसंबता येत नाही. मी बोल्ट पूर्ण काढून चेनच्या खिशात ठेवते. बोल्टशिवाय रायफल उडूच शकत नाही, आणि गाडीपासून दूर गेलं तरी निर्धास्त राहता येतं.

आपल्या लोकांसाठी एक खास मुद्दा. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. ज्या थोड्या सवलती आहेत त्यांतली एक म्हणजे चालू मुदतीचा शिकार परवाना. तो खिशात असू द्या, मुदत बघा. मित्राची रायफल आपल्या एटीव्हीवरून कॅम्पपर्यंत नुसती पोचवणं हाही ताबाच धरला जाऊ शकतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

गोळी भलतीकडे लागतेय

घरून निघताना शंभर यार्डांवर नेम चोख होता आणि डोंगरात पोचल्यावर गोळी वीतभर बाजूला जाते, तर आधी दुर्बिणीचे आकडे फिरवू नका. तपासा या क्रमाने: दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू, मग खालच्या पट्टीचे, मग दस्ता आणि नळी जोडणारे. एटीव्हीचा हादरा कारच्या हादऱ्यापेक्षा वेगळा असतो, बारीक आणि अखंड, तो स्क्रू हळूहळू सोडवतो. घरीच टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) कंपनीने सांगितल्याइतके आवळा आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून कड्यापर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला आहे. सगळं जागेवर असूनही नेम चुकत असेल तर दुर्बीणच बिघडली असेल, दुसरी लावून बघा. मुक्कामी पोचल्यावर, जिथे परवानगी असेल तिथे, एक खात्रीची गोळी झाडावीच. जखमी एल्क रात्रभर शोधत फिरण्यापेक्षा एक काडतूस गेलेलं बरं. त्या जनावराला तेवढं आपण देणं लागतो.

नळीत चिखल किंवा बर्फ गेल्याची शंका आली तर गोळी झाडून साफ करायचा विचारही नको, नळी फुगते किंवा फुटते. बोल्ट काढा, मागून उजेडात बघा, रॉड घाला. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा लावून ठेवला तर ही वेळच येत नाही.

राहता राहिला गंज. बंद केस धूळ अडवते, पण ओल आतच कोंडते. दिवसभर पावसात किंवा बर्फात फिरला असाल तर रायफल रात्री केसमध्ये ठेवू नका, बाहेर काढा, पुसा आणि फोमही वाळू द्या. ती कोरडी पण गारठलेली असेल तर उलट करा: शेकोटीच्या तंबूत केससकट न्या आणि आतलं तापमान चढेपर्यंत झाकण बंदच ठेवा, नाहीतर थंड लोखंडावर लगेच दव धरतं. केसच्या तळाला पाणी जायला भोक असेल तर सीझनमध्ये अधूनमधून काडी घालून बघा, चिखलाने ते बुजलेलं असतं.