जुन्या पिनबॉलचं कॅबिनेट आणि कॉइन डोअर : या चुका टाळा

गॉटलिब, विल्यम्स, बॅली या शिकागोच्या कंपन्यांची ६०-७० च्या दशकातली मशीनं हातात आली की बरेच जण आधी सँडर काढतात, आणि सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. त्या काळी बाजूची चित्रं स्टेन्सिल लावून स्प्रेने मारायचे, म्हणजे तुमच्या कॅबिनेटवरचा, म्हणजे मशीनच्या लाकडी पेटीवरचा, तो फिका, सोललेला रंग हाच डिझाइनचा नकाशा आहे, तो घासून टाकलात तर पुढे अंदाजपंचे. आधी सरळ समोरून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, मग ट्रेसिंग पेपरवर आकार उतरवून घ्या. मूळ शेड हवी असेल तर कॉइन डोअरच्या (नाणी टाकायच्या पुढच्या दाराच्या) फ्रेमखाली आणि साइड रेलखाली (पेटीच्या वरच्या कडांवरच्या धातूच्या पट्ट्यांखाली) बघा, तिथे ऊन पोचलेलं नसतं. आत कुठे सिरीयल नंबर ठोकलेला असेल तर त्याला हातही लावू नका.

अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी १९७८ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीच्या मशीनच्या रंगात शिसं असू शकतं. टेस्ट किटने तपासा, आणि घरात जिथे मुलं वावरतात तिथे कोरडं सँडिंग अजिबात करू नका. साधा कापडी मास्क इथे पुरत नाही.

लाकडाचं म्हणाल तर पायांजवळचे कोपरे बघा. मशीन ओढत नेल्याने तिथले जोड उघडतात आणि लोक वरून पुट्टी भरून रंग मारतात, पाय बसवले की फट परत हजर. जोडात आतपर्यंत वूड ग्लू जाऊ द्या, क्लॅम्प लावा, दोन्ही कर्ण मोजून चौकट काटकोनात आहे का बघा आणि रात्रभर सोडा, पुट्टी त्यानंतर.

रंगात घाई नको. इनॅमलवर लॅकर मारलं तर खालचा थर सुरकुततो. स्टेन्सिलवर एकच जाड कोट दिला तर रंग कडेखाली शिरतो, त्यापेक्षा पातळ पातळ कोट द्या. आणि वर आरशासारखा चकचकीत क्लिअर कोट मला तरी पटत नाही, ही मशीनं नवी असतानाही तशी दिसत नव्हती.

आता कॉइन डोअर. स्टीलच्या दारावर रेषा एकाच दिशेने असतात, गोल गोल घासलं की ते डाग कायमचे, म्हणून घासायचं त्या रेषांच्या दिशेनेच. कॉइन मेकमध्ये, म्हणजे नाणं तपासून आत घेणाऱ्या यंत्रणेत, तेल टाकू नका, धूळ चिकटते आणि नाणी अडकतात, साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलं की पुरे. दार खोलताना प्लग काढलेला असू द्या आणि प्रत्येक वायरचा फोटो घ्या.

पावडर कोटिंग करून आणलं तर आर्थिंगची वायर जिथे टेकते तिथला रंग खरवडून धातू उघडा करा, नाहीतर दाराला आर्थिंगच मिळत नाही, मीटर लावून खात्री करा. आणि सगळं जोडल्यावर गेम सुरूच होत नसेल तर बोर्ड बदलायला धावू नका, आधी दारावरचा स्लॅम स्विच बघा, म्हणजे मशीनला कोणी जोरात धक्का मारला की गेम थांबवणारा स्विच. गॉटलिबच्या १९८० च्या दशकातल्या सिस्टम ८० मशीनमध्ये तो एरवी बंद, म्हणजे टेकलेला असावा लागतो, दार साफ करताना त्याची पट्टी जरा वाकली तरी मशीन गेम सुरू करत नाही.