ड्रेन बोल्ट हलेना? घरातल्या वस्तूंनी तो कसा सोडवावा

रविवारी सकाळी ऑइल बदलायचं म्हणून नवा डबा आणला, जुनी परात गाडीखाली सरकवली, आणि जुनं ऑइल ज्यातून काढतात तो इंजिनाखालचा ड्रेन बोल्ट जागचा हलेना. माझ्या 100 सीसीच्या मोटरसायकलवर पहिल्यांदा हे झालं तेव्हा पंधरा मिनिटं घाम गाळून मी तो बोल्ट आणखी आवळून ठेवला होता. कारण पुढे येईलच.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. बोल्ट लोखंडी असतो, पण तो ज्यात बसतो ते चेंबर, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, ॲल्युमिनियमचं, म्हणजे मऊ. बोल्ट गेला तर दुकानात दुसरा मिळतो. चेंबरचे आटे गेले तर लेथवाल्याकडे खेपा. त्यामुळे इथे जोर सगळ्यात शेवटी.

1. दिशा. बोल्टाचं तोंड जमिनीकडे असतं. उताणं पडून त्याच्याकडे बघितलं तर तो घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. वरून वाकून बघितलं की तीच दिशा घड्याळाप्रमाणे दिसते, आणि माझी चूक नेमकी इथेच झाली. शंका आली तर झाकण लावलेली पाण्याची बाटली उलटी धरा आणि झाकण उघडा. हात जसा वळला, तसाच पाना वळला पाहिजे.

2. पाना. अशा बऱ्याच गाड्यांना 17 नंबर लागतो. फिक्स पाना फक्त दोन बाजू धरतो आणि कोपरे खातो, म्हणून डोक्याला चहूबाजूंनी धरणारा रिंग पाना घ्या, आणि असेल तर सहा कोनांची गोटी (सॉकेट). ॲडजस्टेबल पान्याला हातही लावू नका. डोक्याच्या कोपऱ्यात साचलेला चिखल जुन्या टूथब्रशने आणि थोड्या रॉकेलने काढा. चिखलावर बसलेला पाना अर्धाच बसतो आणि नेमका जोराच्या क्षणी निसटतो. पाना किंचित ढिला वाटला तर कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्याची पट्टी कापून मध्ये सरकवा.

3. गाडी. मेन स्टँडवर घ्या आणि पाना अशा बाजूने लावा की जोर गाडीच्या मागच्या दिशेला जाईल. पुढे ढकललंत तर गाडी स्टँडवरून उतरून तुमच्या अंगावर येईल. पुढच्या चाकाला वीट लावा.

4. ठोका. फवारायचं तेल मारून रात्रभर ठेवा असा सल्ला सगळेच देतात. सायलेन्सरच्या गंजलेल्या नटांना तो लागू पडतो. ड्रेन बोल्टाचे आटे मात्र आतून आधीच तेलात असतात. तो अडतो तो बहुधा मागच्या वेळी कुणीतरी जास्त आवळल्यामुळे आणि वायसर चिकटल्यामुळे. तेल मारायचं तर वायसरच्या कडेला मारा, पण खरा गुण ठोक्यांचा. बोल्टाच्या डोक्याच्या मधोमध एखादा जाड लोखंडी तुकडा टेकवा आणि हातोडीने आठ-दहा हलके, सरळ ठोके द्या. आवाज टणटण यायला हवा. ठोका चेंबरवर पडू देऊ नका, ते तडकतं.

5. ऊब. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. 12 मिलीमीटरच्या आट्यांवर 70 अंशांची वाढ झाली तर दोघांत मिलीमीटरचा साधारण शंभरावा भाग फट पडते. ऐकायला काहीच नाही, पण घट्ट पकड सुटायला ती पुरते. गाडी पाच-सात मिनिटं चालू ठेवून बंद करा. मग जुनं फडकं उकळत्या पाण्यात बुडवा, चिमट्याने उचला आणि बोल्टाभोवतीच्या चेंबरवर धरा, डोक्यावर नाही. दोन-तीन वेळा असं करा, आणि शेवटी डोक्याला बर्फाचा खडा लावा म्हणजे बोल्ट आकसतो. ब्लो टॉर्च, मेणबत्ती, काडी यातलं काही नको. वर पेट्रोलची टाकी आहे. आणि सायलेन्सरला कोपर लागून भाजतं, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

6. लांबी. इतकं करूनही हलला नाही तर आता जोर. पान्यावर बसेल असा नळाच्या पाईपचा किंवा जुन्या सायकलच्या सीटच्या नळीचा तुकडा चढवा. पाईप नसेल तर दुसऱ्या पान्याची रिंग पहिल्या पान्याच्या उघड्या जबड्याच्या एका दातात अडकवा, दुप्पट लांबी मिळते. हिशेब सोपा आहे. 30 सेंटीमीटरच्या टोकाला 10 किलोचा जोर म्हणजे साधारण 30 न्यूटन-मीटर (पिळाच्या जोराचं माप), म्हणजे असे बोल्ट जितके आवळायचे असतात त्याच्या आसपास. 60 सेंटीमीटरला तेच काम 5 किलोत होतं. आणि 60 किलोचा माणूस त्या पाईपवर उभा राहिला तर 350 च्या पुढे, म्हणजे बोल्ट तुटलाच. पाईप फक्त हाताने ओढा. आधी अगदी जरासा आवळायच्या दिशेला, मग सोडायच्या. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला की सुटला. मऊ, रबरासारखा वळत गेला तर थांबा, तो पिळला जातोय.

7. डोकं गोल झालं असेल तर. कानशीने समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करा आणि 16 चा फिक्स पाना घट्ट बसेल इतकंच घासा. हेही नाही जमलं तर छिन्नी उचलण्याआधी गाडी वेल्डिंगवाल्याकडे न्या. तो डोक्यावर नवा नट वेल्ड करतो, आणि त्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. बॅटरीची वायर काढायला मात्र त्याला आठवण करा.

8. बसवताना. नवं वायसर घाला. आटे पुसा आणि बोल्ट आधी नुसत्या बोटांनी निदान तीन-चार फेरे आत जाऊ द्या. पहिल्याच फेऱ्याला अडला तर तो तिरका बसतोय, काढा आणि पुन्हा लावा. मग साधा पाना, एका हाताने, पाईपशिवाय. जुनं ऑइल बाटलीत भरून गॅरेजला द्या, गटारात नको.

रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरा. सकाळी कागदावर डाग दिसला तर आवळू नका, आधी वायसर काढून बघा. माझ्या गाडीला जुनं वायसर तसंच चिकटून राहिलं होतं आणि त्याच्यावर मी नवं घातलं होतं.