जुने रोलेक्स सबमरीनर निवडताना काय पाहावे

समुद्रात खोल बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेल्या जुन्या, किमती घड्याळांचा संग्रह करायचा असेल, तर सुरुवातीला एकाच मॉडेलचा कसून अभ्यास करावा. माझ्या मते त्यासाठी रोलेक्स सबमरीनर ५५१३ सर्वांत सोयीचे आहे. तारखेची खिडकी नसलेले हे घड्याळ १९६२ च्या सुमारास आले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिले, त्यामुळे ताडून पाहायला नमुने भरपूर मिळतात. अर्थात, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेलेही तितकेच.

किमतीचा मोठा भाग तबकडीत असतो, म्हणून पाहणी तिथूनच करावी. मॅट (चकाकी नसलेल्या) तबकडीच्या तळाशी, सहाच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना, ‘स्विस’ आणि ‘टी<२५’ ही बारीक अक्षरे भिंगातून दिसायला हवीत. ‘टी’ म्हणजे ट्रिटियम, खुणा अंधारात चमकाव्यात म्हणून लेपात वापरलेला किरणोत्सर्गी पदार्थ. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे असल्याने पन्नास वर्षांपूर्वीच्या खुणा अंधारात आपणहून जवळजवळ चमकत नाहीत. अतिनील टॉर्च मारून विझवल्यावर त्या काही क्षणांत मावळतात. मिनिटभरानंतरही त्या लख्ख दिसत राहिल्या, तर लेप नंतरचा आहे असे समजावे. मॅट तबकडीवर टी-विना नुसते ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’ छापलेले असेल, तर तबकडी सर्व्हिसिंगमध्ये बदललेली असते. असे घड्याळ खोटे ठरत नाही, पण संग्राहकाच्या लेखी त्याचा भाव उतरतो. खुणा सायीसारख्या पिवळसर आणि काटे पांढरेशुभ्र असतील, तर विक्रेत्याला कारण विचारावे.

त्यानंतर केस, म्हणजे घड्याळाचे बाहेरचे धातूचे कवच, पाहावी. नवशिके चकाकीला भुलतात. मी मात्र ओरखडे असलेली, पण कधीही पॉलिश न झालेली केस केव्हाही पसंत करतो. ५५१३ च्या लगना, म्हणजे पट्टा जोडण्यासाठी केसमधून पुढे आलेल्या चार टोकांना, पट्ट्याच्या पिनांसाठी आरपार भोके असतात. ती कडेला अगदी टेकलेली दिसली किंवा चार लगची जाडी कमीजास्त भरली, तर बराच धातू घासून गेला आहे हे निश्चित. पट्टा काढल्यावर बाराच्या बाजूला मॉडेल क्रमांक आणि सहाच्या बाजूला अनुक्रमांक दिसतो. साठच्या दशकातील अनेक घड्याळांच्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रोमन अंकात तिमाही आणि पुढे वर्षाचे दोन अंक ठोकलेले असतात. ते अनुक्रमांकाच्या काळाशी जुळवून पाहावेत. झाकण ओळखीच्या घड्याळजीकडूनच उघडून घ्यावे आणि त्याच वेळी यंत्रावर गंज आहे का, हेही तपासावे.

तबकडीवर २०० मीटर लिहिलेले असले, तरी रबरी सील जुने झालेले असल्याने हे घड्याळ घालून पोहू नये. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात ते सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे. सर्व्हिसिंगला देताना ‘पॉलिश करू नये, तबकडी व काटे बदलू नयेत’ असे पावतीवर लिहून घ्यावे आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्यावा.