छोटी गाडी खाली बसवायची? स्प्रिंगआधी शॉकअपची चाल मोजा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजसमोर दहा मिनिटं उभं राहा, कुणीतरी येऊन विचारतंच, "मिस्त्री, गाडी दोन बोटं खाली बसवायला किती घ्याल?" पैसे विचारा की, पण आधी हे विचारा : गाडी खाली गेल्यावर शॉकअपला वर-खाली व्हायला जागा, म्हणजे चाल, किती उरणार? ते न बघता बसवलेल्या गाड्या मी गेल्या काही वर्षांत इतक्या उलट्या खोलल्यात की आता "गूगलवर वाचलं, 50 मिमी चालतंय" असं कुणी म्हणालं की डोकं फिरतं.

जॅक, स्टँड, पाने, स्प्रिंग कॉम्प्रेसर तुमच्याकडे किंवा मिस्त्रीकडे आहेत असं धरतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली घुसायचं नाही. ज्यांना परवाना-कागदांची फिकीर आहे, आणि ती असावी, त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि आपली विमा पॉलिसी आधी वाचावी.

चाक आधी ठरवा. स्प्रिंग आधी आणि मॅगव्हील (अलॉय चाक) नंतर घेणारे शेवटी फेंडर, म्हणजे चाकावरची पत्र्याची कमान, ठोकून घेतात. मोठं चाक टाकलं की गाडी उचलली जाते, हा गैरसमज. 185/65 आर 15 (रुंदी मिमीत, भिंत रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) टायरची उंची साधारण 621 मिमी, 195/55 आर 16 ची पण तेवढीच, 205/45 आर 17 ची 616. कमी होते ती टायरची बाजूची भिंत : 120 वरून 107, मग 92 मिमी. खड्ड्याचा पहिला दणका हीच भिंत झेलते. उसाचा सीझन सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा कशा होतात हे आपल्याला सांगायला नको. माझं मत, 16 च्या वर जाऊ नका. 17 फोटोत बरं दिसतं.

ऑफसेट बघा, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मिमीत. तो कमी तेवढं चाक बाहेर. समजा कंपनीचं चाक 5.5 इंच रुंद, ऑफसेट 45 आहे. तुम्ही 7 इंची, ऑफसेट 38 घेतलं, तर चाक बाहेर येतं 26 मिमी. गाडी खाली बसल्यावर हेच 26 मिमी फेंडरला घासतात. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा, व्यास 54.1 मिमी, चाकाचं भोक मोठं असेल तर लेथवर रिंग करून घ्या. रिंग हं, चाक आणखी बाहेर ढकलणारा स्पेसर नको. आणि घेण्याआधी चाक किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. जुन्यापेक्षा दोन-तीन किलो जड निघालं तर परत करा, कारण तो भार स्प्रिंगवर नसतो, तो शॉकअपला आवरावा लागतो.

आता खरी गोम.

माझ्या पहिल्या स्विफ्टला एका दुकानदारानं 50 मिमीच्या लोअरिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) स्प्रिंग दिल्या. "शॉकअप ओरिजिनलच ठेवा, काही होत नाही." गाडी दिसायला नाद खुळा. शनिवारी रात्री मागं तिघं, पुढं दोघं, पन्हाळ्याला झुणका-भाकरीला निघालो. वाघबीळच्या वळणांपर्यंत मागून खाट्, खाट्. मला वाटलं लिंक रॉड गेला. लिंक रॉड बदलला, मग बुश बदलले, आवाज तसाच. चार महिन्यांनी मागच्या उजव्या शॉकअपवर तेल दिसलं. तेव्हा कुठं टेप घेऊन बसलो. रिकाम्या गाडीला मागं स्टॉपरपर्यंत, म्हणजे चाल जिथं संपते त्या रबरापर्यंत, 80 मिमी चाल होती. त्यातले 50 स्प्रिंगनं खाल्ले, 30 मित्रांनी. उरलं शून्य. तो आवाज रबरी स्टॉपर दाबला जाऊन सगळा भार थेट बॉडीवर आपटण्याचा होता.

म्हणून पैसे देण्याआधी हे करा. गाडी सपाट जागेवर ठेवून हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत अंतर घ्या, चारही चाकांना. मग एका बाजूची स्प्रिंग काढा, शॉकअप आणि स्टॉपर परत जागेवर बसवा, नवं चाक लावा आणि जॅकनं हब हळूहळू वर घ्या, स्टॉपर टेकेपर्यंत. पुन्हा तेच अंतर मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची चाल. चाक वर असतानाच स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. टायर फेंडरच्या आतल्या अस्तराला लागतो का हे इथंच कळतं, बसवून झाल्यावर कळून उपयोग नाही. दोन तास जातात. आवाज शोधण्यात माझे चार महिने गेले होते.

आता वजाबाकी. मागची चाल, वजा पाच माणसांनी आणि बॅगांनी बसणारी उंची, वजा तुम्ही खाली आणणार ती उंची. उत्तर 25 मिमीच्या खाली आलं तर त्या स्प्रिंगचा विचार सोडा. बहुतेक छोट्या गाड्या या गणितानं 25 ते 30 मिमीच खाली आणता येतात. "स्टॉपर अर्धा कापा, चाल वाढते" असं सांगणारे भेटतील. वाढते, पण मग शॉकअपचा दांडा आतल्या तळावर आदळतो. खाली आणलेल्या गाडीला आखूड स्टॉपर लागतोच, पण तो त्या शॉकअपसाठी बनवलेला घ्यायचा.

गतिरोधकाचं पण बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं तो 10 सेमी उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, त्यावरून 30 मिमी खाली आणलेली गाडी आरामात जाते. पण गल्लीत रातोरात घातलेला डांबराचा ढीग कुठल्याच मापात बसत नाही. तिथं चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) घासलं की गाडी आडवी घालून काढायची, दुसरा उपाय नाही.

आता काय घ्यायचं. स्प्रिंग कापणं हा पर्याय नाही. सहा वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग 20 टक्के कडक होते, तिथवर ठीक वाटतं; पण लांबी कमी झाल्यानं चाक लटकलं की स्प्रिंग बैठकीतून सैल होते. मागच्या बाजूला, जिथं स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, तिथं ती निखळून पडलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. गरम करून बसवणाऱ्याकडे तर फिरकू नका, पोलादाची लवचीकता गेली की ती परत येत नाही.

लोअरिंग स्प्रिंग घेणार असाल तर 30 मिमीपर्यंत, आणि सोबत तिला आवरेल असा शॉकअप. कडक स्प्रिंग दाबली गेल्यावर जोरात उसळते. साठ हजार किलोमीटर झालेला जुना शॉकअप ती थोपवत नाही आणि हायवेला पुलाच्या सांध्यावर गाडी बोटीसारखी डुलते.

कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच, घ्यायचे तर खालची बॉडी आट्यावर फिरून उंची बदलणारे घ्या. त्यात शॉकअपची चाल तशीच राहते. नुसती स्प्रिंगची बैठक खाली घेणाऱ्या प्रकारात गाडी जेवढी खाली, तेवढी चाल कमी. पावसाळ्यात गगनबावड्याकडं जात असाल तर आट्यांना ग्रीस लावून कापडी पट्टी गुंडाळा, नाहीतर पुढच्या वर्षी रिंग छिन्नीनं फोडावी लागेल.

बसवणं सोपं, मिस्त्री करेल. फक्त एक सांगा : लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे. लटकत्या गाडीत आवळले की बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. 500 किलोमीटरनंतर अलाइनमेंट, त्याच दिवशी हेडलाइटचा झोत जुळवून घ्या.

आणि शॉकअपच्या दांड्यावर, रबरी बूट वर सरकवून, एक केबल टाय घट्ट बांधून खाली आणून ठेवा. आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा, एकदा घरच्यांना घेऊन ज्योतिबाला जाऊन या. मग बघा टाय कुठवर सरकलाय. स्टॉपरपासून बोटभर अंतरावर थांबला असेल तर जमलं. स्टॉपरला चिकटलेला असेल तर गाडी 10 मिमी वर घ्या, मित्र काय म्हणतील ते म्हणोत.