हार्ट्स बघायला जाताय? मग ब्रोकेनचा दिवस आधीच ठरवून टाकू नका

जर्मनीत राहणाऱ्या आपल्या लोकांचं फिरणं बहुतेक ठरलेलं असतं, ब्लॅक फॉरेस्ट, बव्हेरियातला तो राजवाडा, मग तिथूनच पुढे स्वित्झर्लंड, आणि उत्तरेतला हार्ट्स राहून जातो तो राहूनच जातो. मला हा डोंगर फार आवडतो. हानोफर, ब्राउनश्वाइग, लाइपझिश, बर्लिन यातल्या कुठूनही वीकेंडला जमतो, आणि आईबाबा भारतातून आलेले असतील तर त्यांना झेपेल असंही इथे भरपूर आहे. फक्त प्लॅन करताना एक गोष्ट डोक्यात ठेवा, ती म्हणजे धुकं.

ब्रोकेन हे हार्ट्सचं सगळ्यात उंच शिखर, 1141 मीटर, अख्ख्या उत्तर जर्मनीत याच्यापेक्षा उंच काही नाही. आजूबाजूला सगळा सपाट मुलूख, त्यामुळे समुद्राकडून येणारा ढग पहिल्यांदा इथेच अडतो आणि वर्षातले साधारण 300 दिवस माथ्यावर कधी ना कधी धुकं असतंच. बहुतेक लोक काय करतात, दोन महिने आधी शनिवार धरून ब्रोकेनचं सगळं बुकिंग करतात, वर जातात, समोर पांढरी भिंत, सूप पिऊन खाली येतात. आमचंही पहिल्यांदा तेच झालं, वरचा मोठा अँटेना टॉवर पन्नास पावलांवरून दिसत नव्हता. तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे की तीन दिवस काढायचे, मुक्काम वेर्निगेरोडेला नाहीतर गोस्लारला, आणि ब्रोकेनचा दिवस मोकळा ठेवायचा. रोज सकाळी उठल्यावर आधी ब्रोकेनचा वेबकॅम बघायचा, माथा मोकळा दिसला की त्याच दिवशी निघायचं, नाहीतर त्या दिवशी खालचं काहीतरी करायचं. खाली करण्यासारखं इतकं आहे की दिवस वाया जात नाही.

आता वर कसं जायचं. स्वतःची गाडी माथ्यापर्यंत नेता येत नाही. ज्यांना चालणं जमत नाही त्यांच्यासाठी वेर्निगेरोडेहून नॅरो गेज गाडी आहे, खरंखुरं वाफेचं इंजिन, कोळशाचा वास, डब्याच्या टोकाला उघडी बाल्कनी, माथेरानची आठवण येते. पावणेदोन तासाच्या आसपास लागतात. वेळ कमी असेल तर शिअर्केपर्यंत बसने जाऊन तिथून गाडीत बसा, खरी मजा त्याच टप्प्यात आहे कारण शेवटी रूळ डोंगराला वळसा घालत घालत वर चढतात. तिकीट स्वस्त नाही, पण आईबाबांसाठी मी दोन्ही वेळा डोळे झाकून काढलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकरची गाडी धरा, बाल्कनीत उभं राहायला जागा मिळते. जोराचा वारा किंवा खूप बर्फ असेल तर गाडी कधीकधी शिअर्केलाच थांबते, हे निघायच्या आधी बघून घ्या.

चालणाऱ्यांसाठी टोर्फहाउसहून गोएथेवेग, एका बाजूने साधारण 8 किलोमीटर. टोर्फहाउस मुळातच 800 मीटरवर आहे म्हणून एकूण चढ फार नाही, आपल्याकडे राजगड केलेल्या माणसाला काही वाटणार नाही. जर्मन कवी गोएथे डिसेंबर 1777 मध्ये, ऐन बर्फात, याच बाजूने वर गेला होता म्हणून हे नाव. मध्ये एक तुकडा सिमेंटच्या भोकं पाडलेल्या लाद्यांचा येतो, चांगला दम काढतो, तिथे जरा थांबा आणि पायाखाली बघा. ही पूर्व जर्मनीच्या सीमारक्षकांच्या गाड्यांची वाट होती. 1961 पासून ब्रोकेनचा माथा सामान्य माणसाला बंद होता, वर भिंत, सैनिक आणि रेडिओ ऐकणारी केंद्रं. पलीकडची माणसं हा डोंगर रोज खिडकीतून बघायची पण अठ्ठावीस वर्षं पाय ठेवू शकली नाहीत, आणि 3 डिसेंबर 1989 ला मोर्चाने वर चढून लोकांनी फाटक उघडायला लावलं. वरच्या ब्रोकेनहाउसमध्ये हे सगळं मांडलंय, माझ्या मते तिथला एक तास अजिबात चुकवू नका. पुढे वाट रुळांच्या अगदी शेजारून जाते, गाडी आली की वाफ अंगावर येते आणि आतले लोक हात करतात.

जास्त चढ हवा असेल त्यांनी इल्झेनबुर्गहून इल्झे नदीच्या काठाने यावं, लांब आहे पण पाण्याचा आवाज सोबत असतो. शिअर्केहून एकरलोखची वाट छोटी पण दगडाधोंड्यांची, पावसात घसरते, गुडघे दुखणाऱ्यांनी उतरताना ती धरू नये. सगळ्यात चांगलं कॉम्बिनेशन म्हणजे घरातले मोठे गाडीने, तरुण चालत, वर भेटायचं.

कपड्यांबद्दल हलगर्जीपणा करू नका. वेर्निगेरोडेपेक्षा माथा जवळपास 900 मीटर वर, म्हणजे पाच-सहा डिग्री तशीच कमी आणि वर वारा, जो 1984 मध्ये इथे ताशी 263 किलोमीटर मोजला गेलाय. खाली टीशर्टवर फिरत असलात तरी बॅगेत जाकीट, कानटोपी हवीच. एप्रिलमध्येही बर्फ असू शकतो.

धुकं मिळालंच तर लगेच निराश होऊ नका. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, सूर्य खाली आलेला आणि तुमच्या पाठीशी, समोर खाली धुक्याचा थर असेल तर त्यावर स्वतःची लांबलचक सावली पडते आणि डोक्याभोवती रंगीत गोल कडी दिसते. याला जगभर ब्रोकेनचं भूत म्हणतात, नाव या डोंगरावरूनच पडलंय. आणि आपल्याला हे नवीन नाही, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचं इंद्रवज्र ते हेच, 1835 साली कर्नल साइक्सने पाहिलं म्हणतात तेच. धुक्याचे बारीक थेंब प्रकाश उलटा फेकतात त्यामुळे हे होतं, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाला कडी फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती दिसते, शेजाऱ्याच्या नाही. मला ब्रोकेनवर एकदाच दिसलं, ऑक्टोबरात, जेमतेम दोन मिनिटं, आणि मी तिथे मोठ्याने इंद्रवज्र इंद्रवज्र म्हणून ओरडत होते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना जंगल बघून धक्का बसतो. फोटोत हिरवंगार आणि प्रत्यक्षात डोंगरच्या डोंगर राखाडी, वाळलेल्या खोडांचे. खाणींना लाकूड लागायचं म्हणून इथे शेकडो वर्षं एकाच जातीची स्प्रूसची झाडं लावली गेली, 2018 पासून लागोपाठ दुष्काळ पडला, झाडं कमजोर झाली आणि सालीतल्या किड्याने ती संपवली. वाटेत पडलेल्या सालीचा तुकडा उचलून आतली बाजू बघा, मधोमध एक जाड रेघ आणि तिला दोन्हीकडून फुटलेल्या बारीक नागमोडी रेघा, कोणीतरी मोडीत पान भरून लिहिल्यासारखं. जर्मन लोक या किड्याला बुखड्रुकर म्हणतात, म्हणजे पुस्तक छापणारा. नॅशनल पार्कने बरीच मेलेली खोडं मुद्दाम उभी ठेवलीत, आणि खाली वाकून बघितलं तर त्यांच्या मधून रोवन, बर्च आणि नवे स्प्रूस कमरेएवढे वर आलेत. लोक म्हणतात आता काय बघायचं तिथे, मला मात्र हे बघायलाच परत परत जावंसं वाटतं. फक्त वारा असेल त्या दिवशी अशा खोडांमधून चालू नका, ती सांगून पडत नाहीत. वाट सोडायची नाही, शेकोटी नाही, सिगारेट नाही, इथे 2022 आणि 2024 मध्ये मोठे वणवे लागलेत.

धुक्याच्या दिवशी खाली काय? टालेला जा. केबल कारने हेक्सेनटांझप्लाट्झ म्हणजे चेटकिणींच्या नाचाच्या पठारावर, समोरच्या रोसट्रापेच्या कड्यावर खुर्चीच्या लिफ्टने, तिथे कातळात घोड्याच्या टापेसारखा खळगा आहे. राजकन्या ब्रुनहिल्डेने पाठलाग करणाऱ्या बोडो राक्षसाला चुकवून दरीवरून घोडा उडवला आणि बोडो खाली पडला, म्हणून नदीचं नाव बोडे, अशी दंतकथा आहे. मग बोडेच्या काठाने ट्रेझेबुर्गपर्यंत 10 किलोमीटर चाला, उंच कडे आणि खाली काळं पाणी, हार्ट्समधली माझी सगळ्यात लाडकी वाट हीच. 30 एप्रिलच्या रात्री मात्र वालपुर्गिसची, म्हणजे चेटकिणींच्या रात्रीची जत्रा असते, तेव्हा खोली मिळणं मुश्किल. जवळच रापबोडे धरण, 106 मीटर, जर्मनीतलं सगळ्यात उंच, आणि शेजारी 483 मीटरचा झुलता पूल, त्याला तिकीट आहे. उंचीची भीती असेल तर धरणाच्या भिंतीवरून फुकट चालता येतं आणि पूलही पूर्ण दिसतो. धो धो पाऊस असेल तर गोस्लारची रामेल्सबेर्ग खाण, हजार वर्षांहून जास्त चालून 1988 ला बंद झाली, आत जमिनीखाली लाकडी पाणचक्क्या आहेत. जाकीट तिथेही लागतं. क्वेडलिनबुर्गच्या लाकडी चौकटींच्या घरांसाठी अर्धा दिवस ठेवा.

मुलं बरोबर असतील तर पहिल्याच दिवशी टुरिस्ट ऑफिसातून हार्ट्सर वांडरनाडेलची वही घ्या. डोंगरभर 222 ठिकाणी छोट्या लाकडी पेट्या आहेत, झाकण उघडायचं, आत शिक्का, वहीत मारायचा. 8 शिक्के झाले की ब्राँझ बिल्ला, 16 ला सिल्व्हर, 24 ला गोल्ड. माझी भाची चालायला कंटाळायची ती शिक्क्यासाठी पुढे पळायला लागली. शाई बरेचदा सुकलेली असते, छोटं इंकपॅड जवळ ठेवा.

बाकी थोडक्यात सांगते. वेर्निगेरोडे, गोस्लार, बाड हार्ट्सबुर्ग, टाले या सगळीकडे डॉइचलांड-टिकीटवर (देशभर चालणारा महिन्याचा पास) लोकल ट्रेनने पोचता येतं. बऱ्याच गावांत मुक्काम केला की गेस्ट कार्ड मिळतं, त्यावर हाटिक्सचा शिक्का असेल तर तिथल्या बस फुकट, हॉटेलवाल्याकडे आठवणीने मागा (ब्रोकेनच्या गाडीला ते चालत नाही). परतीच्या शेवटच्या बसची वेळ टोर्फहाउसला उतरल्या उतरल्या बघून ठेवा, संध्याकाळी बस पटकन संपतात. रोख पैसे हवेत. सगळीकडे मिळणारं वाटाण्याचं सूप शाकाहारी समजू नका, सॉसेज काढून दिलं तरी शिजवतानाच त्यात मांस असू शकतं, विचारून घ्या, आम्ही तर थेपले आणि शेंगदाण्याची चटणी बरोबरच नेतो. आणि मे ते सप्टेंबर गवतातून चालून आलात की रात्री गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या केसांत गोचीड तपासा, सापडली तर बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढून काढा आणि जागेवर पेनाने गोल करून ठेवा, पुढच्या काही आठवड्यांत लाल चट्टा पसरला तर डॉक्टरकडे जायचं.