बचतगटाच्या वेबसाईटवरचं मराठी मोबाईलवर दिसतच नव्हतं, माझा अनुभव

आमच्या आर्वी तालुक्यातल्या महिला बचतगटाची तूरडाळीची वेबसाईट एकाकडून बनवून घेतली, माझ्या कॉम्प्युटरवर एकदम झकास दिसायची पण गटातल्या ताईंनी मोबाईलवर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं अन् चिन्हं. ताई म्हणे, "काहून भाऊ, आपलं मराठी दिसून नाई राहिलं?" मले लय वाईट वाटलं, त्यायची दोन वर्षांची मेहनत होती ना त्यात.

दोन रात्री बसलो तेव्हा समजलं, मजकूर सगळा कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला. त्यात आतमध्ये इंग्रजीच अक्षरं असतात, फॉन्ट फक्त त्याले मराठी रूप देतो, म्हणून फॉन्ट नसलेल्या मोबाईलवर घोळ. गूगललेही ते मराठी म्हणून वाचता येत नाही.

मग कन्व्हर्टरमधून सगळं युनिकोडमध्ये घेतलं, त्यात प्रत्येक मराठी अक्षराले स्वतःचा ठरलेला कोड असतो. पण इथं घाई करू नका, रफार अन् पहिली वेलांटी हमखास चुकते कारण कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते अन् रफार नंतर, आमच्या 'आर्वी'तला रफार अन् 'किंमत'ची वेलांटी दोन्ही भलतीकडेच गेले होते, ओळ न् ओळ वाचून हातानं दुरुस्त केली. पेजच्या कोडमध्ये यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) टाकलं, फॉन्ट मुक्त, म्हणजे कोणालेही फुकट वापरता येणारा घेतला.

आता दर रविवारी दोघी ताईंना विंडोजमधलं मराठी फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी टाईप करायचा कीबोर्ड) शिकवतो, विंडोज अन् स्पेसबार दाबून भाषा बदलायची. परवा एकीनं डाळीचा नवा भाव स्वतः टाईप करून टाकला, मोबाईलवर उघडून चारदा वाचला.